‘वेड्याचा दाखला’ काढला की आरोपी सुटतो?

खुनाची बातमी आली की पौडच्या न्यायालयाच्या आवारापासून हिंजवडीच्या कँटीनपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं : “वकील हुशार असेल तर वेड्याचा दाखला काढेल, आणि सुटेल!” मुळशी तालुक्यात राहून हे इतक्यांदा ऐकलं आहे की एकदा नीट खोडून काढणं भाग आहे. या समजुतीपायी खरोखर आजारी असलेला आरोपी नाटकी ठरतो आणि त्याला तपासणारा डॉक्टर विकला गेलेला.

मुळात असा कुठलाही दाखला कायद्यात नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या दंडसंहितेचं ८४) इतकंच विचारतं : कृत्य करताना, त्या क्षणी, मनाच्या विकारामुळे या माणसाला आपण काय करतोय हे कळत नव्हतं का? किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळत नव्हतं का? आजाराचं नाव काय, गोळ्या किती वर्षं चालू आहेत, एवढ्यावर उत्तर मिळत नाही. स्किझोफ्रेनियाचा जुना रुग्णसुद्धा पूर्ण भानावर राहून गुन्हा करू शकतो, आणि तसं असेल तर त्याला शिक्षा होते. शिवाय हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. १९६४ साली दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आणि कृत्याची वेळ हाच निर्णायक क्षण मानला.

मग कोणी सुटतच नाही का? सुटतो, पण कसा ते पाहा. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये पत्नीच्या डोक्यात दगडी वरवंटा घालून तिचा जीव घेतला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला याच कलमाखाली निर्दोष ठरवलं. घराण्यात मानसिक आजार होता, घटनेआधीपासून त्याच्यावर पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते, खुनाला सबळ कारण दिसत नव्हतं, त्याने पळायचा वा काही लपवायचा प्रयत्न केला नव्हता आणि अटकेनंतरही त्याला वारंवार उपचारांसाठी न्यावं लागलं होतं. आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं असं सगळं एकत्र जुळलं, तेव्हा निकाल लागला.

आणि या कारणावरून निर्दोष ठरलेला माणूस हार घालून घरी येत नाही. कृत्य त्यानेच केलं असा निष्कर्ष निघाला तर न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवतं, किंवा पुरेशी हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवतं. खटला चालण्याइतपत मन थाऱ्यावर नसेल तर खटला पुढे ढकलला जातो आणि बरं वाटल्यावर पुन्हा सुरू होतो. आसाममध्ये १९५१ साली पकडलेल्या एका माणसाला मनोरुग्णालयात ठेवलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कळवलं, तर त्याची रवानगी तुरुंगात झाली. तो बाहेर आला २००५ मध्ये, चोपन्न वर्षांनी, खटला न चालताच. “सुटला” म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

मग आजाराचं सोंग घेऊन डॉक्टरला फसवता येतं का? सोंग ओळखणं हे फोरेन्सिक सायकियाट्रीच्या, म्हणजे न्यायवैद्यक मनोविकारशास्त्राच्या, प्रशिक्षणातलं एक मोठं काम आहे. एमडीच्या तीन वर्षांत डॉक्टर मुख्यतः उपचार शिकतो, आणि उपचारात रुग्णावर विश्वास ठेवावा लागतो. इथे आधी तीच सवय मोडावी लागते. तपासणीच्या सुरुवातीलाच सांगायचं असतं : “मी तुमच्यावर उपचार करायला आलेलो नाही. तुम्ही सांगाल ते न्यायालयापर्यंत जाऊ शकतं.” कानात आवाज येतात म्हणणाऱ्याला विचारलं जातं, की आवाज छळायला लागले की तुम्ही काय करता? खरा रुग्ण बहुधा काहीतरी करत असतो : रेडिओ लावतो, येरझाऱ्या घालतो, कुणाशी तरी बोलत बसतो. सोंग घेणारा इथे अडखळतो; त्याचे आवाज दिवसरात्र अखंड चालू असतात आणि त्यावर त्याने काहीच केलेलं नसतं. पण एका उत्तरावर कोणी निष्कर्ष काढत नाही. वॉर्डातल्या परिचारिकांच्या नोंदी, झोप, जेवण, कुणी पाहत नसतानाचं वागणं, पोलिसांची कागदपत्रं, शेजाऱ्यांचे जबाब असं सगळं ताडून पाहावं लागतं. वकिलाला आणि न्यायाधीशाला समजेल असा अहवाल लिहिणं आणि उलटतपासणीला न डगमगता सामोरं जाणं हेही शिकावंच लागतं.

हे शिकायला परदेशीच जावं लागतं, हा आणखी एक गैरसमज. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत एमडीनंतर या विषयाची एक वर्षाची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आहे. अमेरिकेतही मनोविकारशास्त्राच्या चार वर्षांच्या प्रशिक्षणानंतर एक वर्षाचीच फेलोशिप असते. आपल्याकडचा कायदा मात्र फेलोशिपची अट घालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ नुसार दंडाधिकारी आरोपीला जिल्हा शल्यचिकित्सकाकडे पाठवतात, तिथून तो मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जातो. समोर येणारा तज्ज्ञ या कामात मुरलेला असेलच असं नाही. लोकांना राग यायचाच असेल तर तो याचा यावा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हे डॉक्टर शवविच्छेदन करत नाहीत. ते काम न्यायवैद्यकशास्त्र विभागाचं. नार्को चाचणी करून ‘खरं काढणं’ हेही त्यांचं काम नव्हे, आणि सक्तीची नार्को सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजीच घटनाबाह्य ठरवली आहे. मनोरुग्ण म्हणजे हिंसक, हे तर सपशेल खोटं. त्यांच्यावर हात उगारला जातो तोच जास्त वेळा. शिक्षेनंतर झालेल्या आजाराला किंमत नाही, हेही चूक : महाराष्ट्रातल्या एका खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गंभीर मानसिक आजारामुळे फाशी रद्द केली, पण त्याऐवजी मरेपर्यंत कारावास दिला.

आणि एक गैरसमज खास आपल्या तालुक्यातला. माण, मारुंजी, लवळ्याकडे जमिनींना भाव आल्यापासून ऐकू येतं : “आजोबांना विसर पडत होता, म्हणजे मृत्युपत्र रद्द!” तसं नाही. भारतीय वारसा कायदा, १९२५, कलम ५९ प्रमाणे एरवी मनाने आजारी असलेला माणूससुद्धा भानावर असतानाच्या काळात मृत्युपत्र करू शकतो. आपण मृत्युपत्र करतोय, आपली मालमत्ता कोणती, वारस कोण, कुणाला काय देतोय, एवढं त्याला त्या वेळी कळत होतं का, हाच प्रश्न. वाद उभा राहतो तो बहुधा माणूस गेल्यावर. मग तज्ज्ञाला केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेतल्या सह्या आणि दोन साक्षीदारांचं म्हणणं यांवरूनच मत द्यावं लागतं. म्हणून घरात कुणाला स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर मृत्युपत्राच्या दिवशीच मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, आणि कोणते प्रश्न विचारले, काय उत्तरं मिळाली, ते शब्दशः लिहून घ्यावं. ‘प्रकृती ठणठणीत’ एवढ्या एका ओळीचा दाखला उलटतपासणीत टिकत नाही.