वर-खाली होणारे टेबल आणि त्याची खीळ

रात्री निजण्यापूर्वी आपण दाराला कडी लावतो. जुन्या वाड्याच्या दाराला आतून लाकडाचा अडसर असतो. अडसर सरकवला की बाहेरून चार माणसांनी ढकलले तरी दार उघडत नाही. बैलगाडीच्या चाकाचे काय? आखाच्या टोकाला एक खीळ असते. खीळ दिसायला लहान. पण ती निसटली की चाक निसटते आणि भरली गाडी आडवी होते.

अडसर काय आणि खीळ काय, दोघांचे काम एकच. जी वस्तू हलायला नको, तिची वाट अडवून धरायची.

आज मी तुम्हांला अशाच एका खिळीची माहिती सांगणार आहे. ही खीळ टेबलाची. तुम्ही म्हणाल, टेबलाला कसली आली खीळ? तर आधी एक घडलेली गोष्ट ऐका. तीत चूक माझी आहे, म्हणून ती मीच सांगितली पाहिजे.

माझी चूक

मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. शाळेत एक लोखंडी टेबल होते. त्याची उंची कमी-जास्त करता येई. त्याच्या प्रत्येक पायात दोन नळ्या होत्या. बाहेरची नळी जाड, ती जमिनीवर टेकलेली. आतली नळी बारीक, ती वरच्या फळीला जोडलेली. दोन्ही नळ्यांना भोके होती. हवी ती उंची आली की भोकासमोर भोक आणायचे आणि आरपार लोखंडी पिन घालायची. असे चार पाय, चार पिना.

एका १५ ऑगस्टला टेबल बाहेर काढले, तर एक पिन सापडेना. झेंडावंदनाची वेळ झालेली. शिपायाने विचारले, "गुरुजी, आता काय करू?" मी म्हणालो, "घाल एक खिळा. आजचा दिवस भागेल."

तो दिवस भागला. पुढेही भागत राहिले. खिळा तसाच राहिला आणि मी विसरलो.

डिसेंबरात स्नेहसंमेलन झाले. त्या टेबलावर पाण्याचे भरलेले पिंप ठेवले. सहावीतला एक मुलगा खाली बसून पेले लावत होता. त्याने सहज टेबलाचा पाय धरला होता. तेवढ्यात खिळा वाकला. आतली नळी खाली बसली. वरची फळी आणि बाहेरच्या नळीचे तोंड यांच्यामध्ये त्याची बोटे सापडली. तालुक्याच्या डॉक्टरांना एका बोटाचे पेर काढावे लागले.

त्या दिवसापासून मी वर-खाली होणारी कोणतीही वस्तू दिसली की आधी तिची खीळ बघतो.

खिळा का वाकला?

आता हिशेब करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पिंपात ४० लिटर पाणी होते, म्हणजे ४० किलो झाले. टेबलाची फळी आणि आतल्या नळ्या मिळून २० किलो धरा. एकूण ६० किलो. चार पाय आहेत, तेव्हा एका पायावर १५ किलो येईल, असे आपल्याला वाटते.

पण तसे होत नाही. अंगणाची जमीन उंचसखल असते. मग टेबल चारही पायांवर सारखे उभे राहत नाही. बराचसा भार दोन पायांवरच येतो. म्हणजे एका पिनेवर १५ नाही, ३० किलो. त्यात कोणी कोपऱ्यावर रेलून उभा राहिला तर आणखी भर.

आता पिन आणि खिळा यांची तुलना करा. पिन ९ मिलिमीटर जाडीची होती. खिळा ३ मिलिमीटरचा. तुम्ही म्हणाल, पिन खिळ्याच्या तिप्पट मजबूत. नाही! दोन्ही आडवे कापून पाहिले, तर पिनेत खिळ्याच्या नऊपट लोखंड निघेल. कारण पिन उभी-आडवी दोन्हीकडून तिप्पट आहे, आणि तीन त्रिक नऊ.

आणखी एक गोष्ट. पिन भोकात घट्ट बसते. तिला वाकायला जागाच नसते. खिळा रुंद भोकात सैल पडून राहतो. रोज थोडा थोडा वाकतो. बाहेरून ते दिसत नाही. शेवटी एक दिवस तो दगा देतो. म्हणून पिनेच्या जागी पिनच हवी. खिळा, तार, काडी चालणार नाही.

उंची बदलायचीच कशाला?

कोणी विचारील, एवढी भानगड कशाला? टेबल एकाच उंचीचे का करत नाहीत?

कारण माणसे एका उंचीची नसतात आणि कामेही एका तऱ्हेची नसतात. उभ्याने काम करायचे तर टेबल साधारण आपल्या कोपराच्या उंचीला असावे. त्याहून खाली असले तर वाकावे लागते. दिवसभर वाकून कंबर धरते. वर असले तर खांदे भरून येतात. कापड बेतणारा शिंपी, कणीक मळणारी बाई, बसून लिहिणारी मुलगी, या सगळ्यांना एकच टेबल पुरवायचे, तर ते वर-खाली व्हायला हवे. सोय चांगली आहे. पण जे वर जाते ते खाली येऊ शकते. म्हणून सोयीबरोबर खीळ आलीच.

खिळीचे प्रकार

टेबल जागच्या जागी धरून ठेवण्याच्या मुख्य तऱ्हा चार आहेत. चारही तुम्ही कुठे ना कुठे पाहिल्या आहेत.

पहिली तऱ्हा पिनेची. ती वर सांगितली. पिन आरपार जायला हवी. ती आपोआप बाहेर येऊ नये म्हणून तिच्या टोकाला एक बारीक टाचणी किंवा कडी असते. तीही घालायची. आळस करायचा नाही.

दुसरी तऱ्हा खाचेची. आपली कापडी आरामखुर्ची आठवा. मागे लाकडाला तीन-चार खाचा असतात. आडवी दांडी ज्या खाचेत ठेवाल तेवढी पाठ वर-खाली होते. काही टेबलांना अशाच खाचा किंवा दाते असतात. दांडी खाचेत पुरती बसली पाहिजे. नुसती कडेवर टेकली, तर बसणारा माणूस धाडकन खाली येतो. आरामखुर्चीत बोटे चेमटलेली माणसे प्रत्येक गावात सापडतील.

तिसरी तऱ्हा आवळून धरण्याची. नळीवर एक पट्टा असतो. बाजूची मूठ फिरवली की पट्टा आवळतो आणि नळी घट्ट धरतो. यात वाट अडवलेली नसते. दोन लोखंडे एकमेकांना घासतात, तेवढ्यावर सारे उभे. म्हणून ही तऱ्हा थोडी कच्ची. नळीला तेल लागले की ती सरकते. टेबल हादरत राहिले की मूठ हळूहळू सैल होते. शिलाईचे यंत्र किंवा पिठाची लहान गिरणी अशा टेबलावर ठेवू नये.

चौथी तऱ्हा मळसूत्राची. मळसूत्र म्हणजे आट्यांचा दांडा, ज्याला आपण स्क्रू म्हणतो. दवाखान्यातली खाट पाहिली असेल. पायथ्याशी एक दांडा असतो. तो फिरवला की रोग्याची पाठ वर उचलली जाते. दांडा सोडून दिला तरी खाट खाली येत नाही. का बरे? स्क्रूचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढाचा रस्ता. चढ फार सौम्य असेल, तर त्यावर ठेवलेली वस्तू आपोआप घसरत नाही. घासण्यामुळे ती जागीच राहते. वजन कितीही खाली दाबो, दांडा उलटा फिरत नाही. म्हणजे येथे उचलणारा आणि अडवणारा एकच. मोटार उचलायचा स्क्रूचा जॅकही असाच.

यांशिवाय लग्नाकार्यात जेवणाला मांडतात ती घडीची टेबले असतात. त्यांची उंची बदलत नाही, पण पाय दुमडतात. पायाला एक टेका असतो आणि टेक्याच्या मध्ये बिजागर. पाय उघडला की एक लहान कडी आपल्याच वजनाने घसरते आणि बिजागरावर बसते. ती बसली की पाय दुमडत नाही. पण गंज चढला किंवा वरून रंग थापला, तर कडी अडकून राहते. टेबल उभे दिसते, खरे तर ते बंद झालेलेच नसते. वर आमटीचे गरम पातेले असेल तर काय होईल ते सांगायला नको. तेथे तेलाचा एक थेंब पुरतो. मात्र आवळायच्या पट्ट्याला तेल लावू नका, हे विसरू नका.

दोर तोडला तरी पडला नाही

खीळ कशी असावी याचा एक जुना दाखला आहे. अमेरिकेत एलिशा ओटिस नावाचा एक कारागीर होता. त्या काळी उंच इमारतींत माल दोराने वर चढवीत. दोर तुटला की पाळणा खाली आदळे. म्हणून पाळण्यात बसायला माणसे भीत.

ओटिसने पाळण्याच्या माथ्यावर एक पोलादी कमान लावली. दोर ताणलेला असे तोवर कमान वाकलेली राही. दोर तुटला की कमान सरळ होई आणि तिची टोके दोन्ही बाजूंच्या दात्यांत अडकत. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो स्वतः पाळण्यावर उभा राहिला. पाळणा उंच चढवला आणि सर्वांसमोर दोर तोडायला लावला. पाळणा जरासा खाली आला आणि थांबला. पुढे १८५७ साली न्यूयॉर्कमधल्या एका पाच मजली दुकानात माणसांना नेणारा त्याचा पाळणा बसला. आजच्या लिफ्टची सुरुवात ती.

यात शिकण्यासारखे काय? चांगली खीळ माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. वेळ आली की ती आपली आपण काम करते.

विजेची टेबले

आता शहरांतल्या कचेऱ्यांत विजेवर वर-खाली होणारी टेबले आली आहेत. बटण दाबले की टेबल साधारण ७० सेंटिमीटरपासून १२० सेंटिमीटरपर्यंत चढते. बसूनही काम करता येते, उभ्यानेही. तुमची मुले शहरात नोकरीला असतील तर त्यांनी ती पाहिली असतील.

या टेबलांच्या पायांत मोटार आणि मळसूत्र असते. वीज गेली तरी टेबल खाली येत नाही, ते मळसूत्रामुळे. कित्येक टेबलांत आणखी दोन सोयी असतात. एक बटणाचे कुलूप. ते लावले की लहान मुलाने बटण दाबले तरी टेबल हलत नाही. दुसरी सोय अशी, की खाली येताना टेबल खुर्चीला अडले तर थांबते आणि थोडे मागे फिरते. पण या सोयीवर फार भिस्त ठेवू नये. बोटासारखी लहान वस्तू टेबलाला वेळेवर कळेलच असे नाही.

काही टेबले वायूच्या नळकांड्यावर चालतात. नळकांड्यात नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो. मोडले म्हणून ते फोडू नये, कापू नये, विस्तवात टाकू नये. दाबलेला वायू गोळीसारखा सुटतो.

एवढे लक्षात ठेवा

१. उंची बदलण्यापूर्वी टेबलावरचे सामान उतरवा.

२. दोघांनी मिळून उंची बदला. एकाने फळी धरावी, मगच दुसऱ्याने पिन काढावी.

३. बोटे नळीच्या तोंडाशी, खाचेत किंवा बिजागरात ठेवू नका. मुलांना दूर बसवा.

४. चारही पाय एकाच भोकावर आहेत ना, ते मोजून पाहा.

५. सामान ठेवण्याआधी चारही कोपरे तळहाताने जोराने दाबून पाहा. हलले तर ठेवू नका.

६. पिन हरवली तर टेबल बाजूला ठेवा. लोहाराकडून तेवढ्याच जाडीची पिन करून आणा.

७. प्रत्येक पिन साखळीने किंवा सुतळीने टेबलालाच बांधून टाका.

हा सातवा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिनेला हातभर सुतळी बांधलेली असती, तर ती हरवली नसती. पिन हरवली नसती, तर खिळा आला नसता. हातभर सुतळीला किंमत ती काय? पण तेवढ्यावाचून एका मुलाचे बोट गेले.

तो मुलगा आता संसारी झाला आहे. शेती करतो. गेल्या वर्षी त्याने ट्रॅक्टर घेतला. मला बघायला बोलावले. ट्रॉली जोडायच्या जागी लोखंडी पिन होती. ती त्याने साखळीने पक्की बांधली होती. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "गुरुजी, ही बांधून ठेवलीय बरं का. आता हरवायची नाही."

तुम्हीही आज घरात, शाळेत, देवळाच्या सभामंडपात एक फेरी मारा. घडीचे टेबल, आरामखुर्ची, ट्रॉली, काय असेल ते बघा. पिनेच्या जागी कुठे खिळा घातलेला दिसला, तर तो आजच बदला. उद्यावर टाकू नका. मी टाकले होते.