आधी ब्रेक, रंग नंतर

पहाटे साडेपाच

रायपूरच्या सदर बाजारात गाडीखाली शिरायचं असेल तर ते पेढ्यांची शटरं वर जायच्या आत. आमचं घर सराफ्यामागच्या बोळात. अंगणात माती, तिच्यात जॅक रुततो. बोळात सिमेंट आहे आणि ते सपाट आहे, पण साडेनऊ-दहानंतर बोळ आमचा राहत नाही. कारागीर येतात, त्यांच्या मोटरसायकली येतात, लग्नसराई असली की गिऱ्हाइकंही याच वाटेने घुसतात. म्हणून शनिवारची जड कामं पहाटे.

बोळाच्या तोंडाशी झारेकरी पेढ्यांसमोरची धूळ कुंच्याने गोळा करताहेत. त्या धुळीत सोन्याचा कण असतो, तो धुऊन वेगळा काढायचा, हा त्यांचा धंदा. ते बाजूला सरकेपर्यंत आम्ही थांबतो. मग पुतणी स्टीअरिंगवर आणि मी डिकीला खांदा लावून.

"काका, हँडब्रेक सोडलाय. ढकला."

साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी. एकट्याने ढकलली तरी हलते.

मारुती ८००, १९९२ सालची. पाटीवर अजून ‘एमपी २३’ आहे. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० ला झालं आणि रायपूरच्या गाड्यांना ‘सीजी ०४’ मिळू लागला, त्याआधीची ही. बाबांनी नवी घेतली होती. नागपूरची सगळी लग्नकार्यं, जवळपास तीनशे किलोमीटरचा रस्ता, हिनेच केली. पुढे ब्रेक धरेनासे झाले आणि गाडी अंगणातल्या पत्र्याखाली गेली ती तिथेच राहिली.

सहा

पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, मागून जॅक, आणि जॅकवर उचललेली गाडी लगेच दोन घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. घोड्या लावल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहायचं. ती तेव्हा पडली तर शेजारी पडेल, तुमच्यावर नाही. पुतणीला पहिल्यांदा हेच शिकवलं, पाना नंतर हातात दिला.

जुनी गाडी उघडली की येणारा-जाणारा पहिला प्रश्न रंगाचा विचारतो. कोणता मारणार, मेटॅलिक का? घरी गाडी दुरुस्त करणारे बरेचजण त्या प्रश्नाला बळी पडतात आणि पहिला खर्च पेंटरवर करतात. मला हा क्रम मुळीच मान्य नाही. रस्त्यावर न्यायची गाडी आधी थांबली पाहिजे, मग सरळ वळली पाहिजे, मग चालू झाली पाहिजे. रंगाचा नंबर त्यानंतर. चमकणारी आणि न थांबणारी गाडी घरच्यांनाही धोक्याची आणि रस्त्यावरच्या परक्यालाही.

पुढचे ब्रेक आधी झालेत. आज मागचे दोन ड्रम. डावा ड्रम गंजाने धरून बसलाय. हातोडीने कडेकडेने ठोकत, फिरवत, पुन्हा ठोकत तो सुटतो. आतली काळी भुकटी फुंकायची नाही, हवेच्या पाइपने उडवायची तर नाहीच. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. तोंडाला मास्क, ओलं फडकं, पुसलेलं फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

व्हील सिलिंडर उघडला की गाडी का थांबेनाशी झाली ते डोळ्यांना दिसतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. इथल्या पावसाळ्याचे चार महिने, वर्षामागून वर्षं, ऑइल बदललेलं नाही. ती ओल सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बसली, तिथे गंज चढला, गंजावर रबरी कप घासत राहिला आणि फाटला. ऑइल लायनिंगवर उतरलं. शिवाय ओल धरलेलं ऑइल तापलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली बसतं. नुसता रबराचा किट बदलून भागवतात पुष्कळजण. पण सिलिंडरमध्ये बोट फिरवून खड्डे लागले तर किट घालू नये, सिलिंडरच नवा घ्यावा. या गाडीचा तो सहज मिळतो, आणि मारुती ८०० घरी दुरुस्त करता येते याचं अर्धं कारण हेच: पार्ट मिळतात. उरलेलं अर्धं कारण असं की १०, १२, १४ आणि १७ एवढे पाने असले की बहुतेक नट सुटतात.

साडेसात

आता लाइनमधली हवा काढायची. हे एकट्याचं काम नाही. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. पुतणी आत बसते, मी चाकापाशी आडवा.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय, काका."

निपल पाव फेरा सैल करतो. नळीतून आधी चहासारखं तपकिरी ऑइल येतं, त्यात बुडबुडे. तिचा पाय खाली जातो. निपल घट्ट केल्यावरच "सोड" म्हणायचं. आधी पाय सुटला तर हवा परत आत ओढली जाते. दाब, धर, सोड. मधूनमधून वरच्या टाकीत ऑइल भरत राहायचं, ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू नळीतला रंग फिका होत जातो, बुडबुडे बारीक होतात, मग नुसतं स्वच्छ ऑइल. चौथ्या चाकापाशी तिचा आवाज बदलतो. "काका, आता कडक लागतंय पायाला!"

पेडल कडक लागणं म्हणजे काय, हे सांगून कळत नाही. तिला आज ते पायाने कळलं.

सांडलेलं ब्रेक ऑइल पाण्याने लगेच धुवायचं, ते रंग खातं. चाकं चढवतो. टायर नवे, बारा इंची. जुन्यांची नक्षी चांगली दिसत होती म्हणून बाबा ते टाकायला तयार नव्हते. टायरच्या कडेला चार आकडी छाप असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन साल. तो त्यांना वाचून दाखवला, रबराच्या भेगांत नख घालून दाखवलं. मग म्हणाले, "टाक."

सव्वानऊ

गाडी परत अंगणात. हात केरोसीनने, मग साबणाने. पोहे आणि जिलेबी, रायपुरी पद्धतीने.

साडेअकरा

आजच्या दिवसातलं माझं आवडतं काम सदर बाजारातच होऊ शकतं. पेढीच्या वरच्या मजल्यावर दागिने साफ करायची अल्ट्रासोनिक मशीन असते, स्टीलच्या डब्याएवढी. पाण्यात रिठा किंवा साबणाचा पातळ द्राव, त्यात दागिना, आणि सेकंदाला चाळीस हजारांच्या आसपास कंपनं. पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि ब्रश जिथे पोचत नाही तिथला मळ सुटतो. जाळीदार काम स्वच्छ होतं ते असं. कार्बोरेटरही जाळीकामच आहे: केसाएवढ्या वाटा, जेट, वळणावळणाच्या नळ्या. पेट्रोल वर्षानुवर्षं उभं राहिलं की त्याचा चिकट पिवळा राप या वाटांत बसतो आणि गाडी चालू होते पण आयडलला टिकत नाही.

लोक जेटमध्ये तार घालतात. घालू नका. जेट पितळेचा, त्याचं भोक मोजून पाडलेलं. तारेने ते ओरखडलं की पेट्रोलचं माप बिघडलं ते कायमचं. आणि सोनाराकडे आलात म्हणून तेजाबाकडेही वळू नका, कार्बोरेटरचा धातू त्याला टिकत नाही.

मी मिकुनी कार्बोरेटर पूर्ण सुटा करून, रबर आणि डायफ्रॅम बाजूला काढून, नुसती धातूची बॉडी आणि जेट घेऊन वर जातो. पेढीचे सेठजी शेजारीच, त्यांची हरकत नसते, पण दागिन्यांच्या पाण्यात नको, वेगळं पाणी घ्या, एवढी अट. रास्त अट. बंगाली कारागीर बॉडी जाळीत ठेवतो, कळ दाबतो. क्षणभर काही दिसत नाही. मग एका बारीक छिद्रातून तपकिरी धूर निघावा तसा मळ सरळ रेषेत बाहेर येऊ लागतो. कारागीर वाकून पाहतो. त्याने आयुष्यभर ही मशीन चालवलीय, तरी बॉडी उलटी करून स्वतःच पुन्हा कळ दाबतो. शेवटी भिंग डोळ्याला लावून एकेक जेट उजेडाकडे धरून तपासतो. सोन्याच्या कामातली नजर पितळेच्या जेटवरून फिरते तेव्हा मला या बाजारात राहत असल्याचं फार बरं वाटतं.

दीड

जेवण. बाबा ओसरीवर. त्यांना १४ डिसेंबर १९८३ पाठ आहे: इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात पहिल्या मारुतीची किल्ली दिली तो दिवस. ती गाडी पुढे वाईट अवस्थेत गेली होती. कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. चांगलं केलं. पण ती आता पाहायची गाडी झाली, आणि आपली चालवायची आहे, असं बाबांचं म्हणणं. जानेवारी २०१४ मध्ये ८०० चं उत्पादन थांबलं.

अडीच

कार्बोरेटर बसवण्याआधी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९९२ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, बोनेटमध्ये तापलेल्या इंजिनावर गळू शकतं. गाडीच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅमही त्याच कारणाने बदलला. इथेनॉल पाणीही धरतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवणं वाईट. थोडं भरावं, चालवून संपवावं.

फ्लोअरचं काम डेंटरने आधीच केलंय, तरी चटई उचलून पुन्हा पाहतो. ड्रायव्हरच्या पायाखाली, रनिंग बोर्डमध्ये, बॅटरीच्या ट्रेखाली, हा या गाडीचा गंजायचा ठरलेला मार्ग. सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ रायपूरच्या कोणत्याही छपरावर बोटाने पुसून पाहा. ती फटीत साचते, ओल धरते आणि खालचा पत्रा खाते. गंज कापून नवा पत्रा वेल्ड करणारा डेंटर शोधावा. वरून पुट्टी भरून देणाऱ्याला हात जोडावेत, कारण पुट्टीखाली गंज चालूच राहतो.

सव्वाचार

इंजिनात स्पार्क प्लग नाहीत. सिलिंडरमध्ये ऑइलचे थेंब टाकून क्रँक हाताने फिरवलेला आहे, टायमिंग बेल्ट नवा आहे. आता सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट. फीलर गेजची पाती मध्ये घालून ०.४ ते ०.५ मिलीमीटरच्या आत फट बसवायची. पाती सरकताना हलकासा अडथळा लागला पाहिजे. पुतणी करते, मी पाहतो. प्लग बसवले, वायरी १-३-२ या क्रमाने.

चोक ओढून तिने किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, थांबला. पुन्हा. तिसऱ्यांदा तीन सिलिंडरचा तो बारीक, ओळखीचा आवाज अंगणभर झाला. वरच्या खिडकीतून कारागीर ओरडला, "चालू हो गया?" बाबा उठून आले आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. चोक हळूहळू आत. आयडल टिकला.

साडेदहा, रात्री

पेढ्या बंद, रस्ता मोकळा. नोंदणी २०२७ पर्यंत आहे, विमा काढलेला आहे. त्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये. कोतवालीवरून बूढापारा, तिथून बूढातालाबाच्या कडेने. तीसच्या वेगात, मागेपुढे कोणी नाही असं पाहून ब्रेक दाबतो, हात स्टीअरिंगवर अगदी हलके. गाडी डावीकडे किंवा उजवीकडे ओढते का? नाही. सरळ थांबते. घरी येऊन चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहतो. मागचं उजवं बाकीच्यांपेक्षा गरम आहे. म्हणजे ब्रेक पूर्ण सुटत नाही, बहुधा हँडब्रेकची केबल अडकते. पुढच्या शनिवारचं पहिलं काम ते, मग पीयूसी.

२०२७ मध्ये फॉर्म २५ भरून तपासणी द्यावी लागेल. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आहे. जुन्या पेट्रोल गाड्यांवरची सरसकट बंदी हा दिल्ली परिसराचा विषय. इथे गाडी तपासणीत उतरली की पुढची पाच वर्षं मिळतात. तुमच्या अंगणात अशी एखादी उभी असेल तर भंगारवाल्याला किंवा पेंटरला फोन करण्याआधी चारही ब्रेक उघडा आणि पायाखालची चटई उचलून पत्रा पाहा. पत्रा शाबूत असेल तर गाडी विकू नका.