ब्रिनेल कठिनता चाचणी

ब्रिनेल कठिनता चाचणी ही धातूच्या पृष्ठभागावर ठसा उमटवून त्याची कठिनता मोजण्याची पद्धत आहे. स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी ती १९०० साली मांडली. पोलादावर १० मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी सामान्यतः ३,००० किलोग्रॅम-बल इतक्या भाराने काही सेकंद दाबून धरतात. भार काढल्यावर उरलेल्या खळग्याचा व्यास सूक्ष्मदर्शकाने मोजतात. भारास खळग्याच्या वक्रपृष्ठाच्या क्षेत्रफळाने भागले असता ब्रिनेल अंक मिळतो. समान भाराखाली खळगा जितका लहान, तितका धातू अधिक कठीण.

साध्या पोलादाच्या ब्रिनेल अंकास सुमारे ३.४५ ने गुणल्यास त्याच्या ताणबलाचा मेगापास्कलमध्ये अंदाज येतो. त्यासाठी नमुना ओढून तोडावा लागत नाही. मात्र हा संबंध अनुभवजन्य असून सर्व धातूंना लागू पडत नाही. धातूचा ठिसूळपणाही त्यातून कळत नाही.