न पेरलेल्या शेताचा खंड

शेत पेरले की धान्य येते आणि धान्य विकले की पैसे मिळतात, हे आपण सारे जाणतो. पण शेत न पेरल्याबद्दल सरकारने शेतकऱ्याला दरवर्षी पैसे दिले तर? अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने अशी योजना सुरू झाली. ती कशासाठी, हे आपण समजून घेऊ.

कान्सास, ओक्लाहोमा, टेक्सास या भागांत पूर्वी अफाट गवताळ मैदाने होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हाला चांगला भाव आला आणि लाखो एकर गवत नांगरले गेले. तिथली माती धरून ठेवली होती ती त्या गवताच्या मुळांनीच. १९३० नंतर दुष्काळ पडला, पिके वाळली आणि उघडी माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाने भरदिवसा अंधार झाला. तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्याच महिन्यात तिथे मृदासंधारणाचा कायदा झाला आणि ह्यू बेनेट या मृदातज्ज्ञाकडे त्या खात्याची सूत्रे आली.

पुढे १९७० नंतर धान्याची निर्यात वाढली, भाव चढले आणि उताराच्या, हलक्या जमिनीही पुन्हा नांगराखाली आल्या. धूप वाढली. म्हणून १९८५ ची योजना आली. आपल्याकडे जमीन खंडाने देतात, तसाच काहीसा हा व्यवहार आहे. धूप होणारी जमीन शेतकरी १० ते १५ वर्षे पिकातून काढतो आणि तिच्यावर गवत किंवा झाडे लावतो. सरकार त्याला दरवर्षी एकरी खंड देते आणि लागवडीच्या खर्चातही वाटा उचलते. मालकी शेतकऱ्याचीच राहते. मात्र पैसे सरसकट मिळत नाहीत. माती, पाणी आणि पशुपक्षी यांना कोणत्या जमिनीमुळे किती लाभ होईल, हे पाहून अर्ज निवडले जातात.

गुरे पाळणाऱ्यांसाठी १९९६ पासून वेगळी योजना आहे. ओढ्याकाठी कुंपण घालणे, गुरांच्या पाण्याची सोय दूर करणे, पाळीपाळीने कुरण चारणे, अशा कामांच्या खर्चाचा काही भाग सरकार देते.

पालक आणि विश्वस्त विचारतील, जमीन खासगी, मग पैसा जनतेचा का? कारण एकाच्या शेतातून वाहून गेलेली माती दुसऱ्याच्या नदीत आणि धरणात साचते. ती अडवणाऱ्याला बाजारात कोणी भाव देत नाही. तो भाव सरकार देते.

पण या योजनेची एक मोठी उणीव आहे. करार संपला की शेतकरी मोकळा. २००७ मध्ये साडेतीन कोटी एकरांहून अधिक जमीन या योजनेत होती. त्या सुमारास मक्यापासून इथेनॉल बनवण्याचे प्रमाण वाढले, मक्याचा भाव चढला आणि अनेकांनी करार पुढे चालवले नाहीत. वर्षानुवर्षे वाढलेले गवत एका हंगामात नांगरले गेले. पुढे २०१४ च्या कायद्याने योजनेची मर्यादाच २ कोटी ४० लाख एकरांवर आणली. इंचभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि करार असतो दहा-पंधरा वर्षांचा. म्हणूनच अनुदान हवे, पण नुसत्या अनुदानावर माती टिकत नाही, असे आम्हांला वाटते.

मुलांनो, एक प्रयोग करून पाहा. दोन पसरट डबे घ्या. एकात मोकळी माती भरा, दुसऱ्यात गवतासकट मातीचे ढेकूळ ठेवा. डबे तिरके करून दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घाला आणि खाली आलेले पाणी दोन पेल्यांत धरा. ते दोन पेले घरच्या मोठ्यांना दाखवा आणि सरकारने खंड का द्यावा, हे त्यांना तुम्हीच समजावून सांगा.