नाव राणीचे, गाव हर्झोगकरांचे

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या पश्चिमेस गवताळ माळरान पसरले आहे. तिकडे त्याला 'प्रेअरी' म्हणतात. डोंगर नाही, रान नाही. झाडांची तर इतकी वानवा, की तिथल्या शेतकऱ्यांनी कुंपणाचे खांबदेखील चुनखडीच्या दगडातून काढून रोवले. अशा या माळावर बऱ्याच लांबून दोन उंच मनोरे दिसू लागतात. मोठे शहर असेल म्हणून जवळ जावे, तो हजार-बाराशे वस्तीचे लहानसे गाव! नाव व्हिक्टोरिया. मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनाला एके काळी जिचे नाव होते, तीच ही राणी.

नाव इंग्रजांच्या राणीचे, पण गाव जर्मनांचे. हे कसे झाले?

त्यासाठी रशियात जावे लागेल. १७६३ साली सम्राज्ञी कॅथरिनने जाहीरनामा काढून परदेशच्या लोकांना पडीक जमिनी कसायला बोलावले. आपला धर्म पाळा, तीस वर्षे सारा माफ, आणि सैन्यात भरतीची सक्ती नाही, असे तिचे वचन होते. कॅथरिन स्वतः जन्माने जर्मन. लढायांनी आणि दारिद्र्याने गांजलेली हजारो जर्मन कुटुंबे व्होल्गा नदीच्या काठी गेली. त्यांनी वसवलेल्या गावांपैकी एक हर्झोग. शंभर वर्षे ही माणसे रशियात राहिली. पण घरात, शाळेत आणि देवळात बोलली जर्मनच.

राजेरजवाड्यांची वचने वारसांवर बंधनकारक असतातच असे नाही. १८७१ साली सवलती गेल्या, १८७४ साली लष्करभरतीची सक्ती आली. मग काही जाणत्या माणसांना जमीन पाहण्यासाठी अमेरिकेस पाठवले गेले, आणि मागोमाग कुटुंबेही निघाली. ८ एप्रिल १८७६ रोजी हर्झोगकरांनी या माळावर बिऱ्हाड मांडले आणि नव्या गावालाही नाव दिले हर्झोग. देऊळ बांधण्याआधी उघड्यावर एक लाकडी क्रूस उभा केला आणि त्यापुढे प्रार्थना सुरू केली.

शेजारीच १८७३ साली जॉर्ज ग्रँट नावाच्या धनिकाने ब्रिटिश खानदानी तरुणांसाठी व्हिक्टोरिया ही वसाहत थाटली होती. या मंडळींना शेतीपेक्षा शिकारीची हौस अधिक. १८७८ साली ग्रँट वारला आणि वसाहत पांगली. जर्मन मात्र नांगर धरून राहिले. मौज अशी, की पुढे १९१३ साली दोन्ही गावे कागदोपत्री एक झाली, तेव्हा नाव टिकले ते निघून गेलेल्यांचे!

पण हर्झोगकरांनी आपली खूण आधीच उभी करून ठेवली होती. १९०८ साली त्यांनी सेंट फिडेलिसचे चर्च बांधायला घेतले. बारा वर्षांवरील प्रत्येकाने ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड द्यावेत, असे ठरले. घरात दहा माणसे असली, तर साठ गाड्या! शेतीची कामे सांभाळून खाणीतून दगड काढायचे, घोड्यांच्या गाड्यांतून ओढून आणायचे. लांबी २२० फूट, मनोरे १४१ फूट, आणि आत अकराशे माणसे बसतील एवढी जागा. म्हणजे आजचे जवळजवळ सारे गाव.

२७ ऑगस्ट १९११ रोजी त्या वास्तूचे समर्पण झाले. तीस वर्षांनी, २८ ऑगस्ट १९४१ रोजी, सोव्हिएत सरकारने हुकूम काढला आणि व्होल्गाकाठी मागे राहिलेल्या लाखो जर्मनांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकलून दिले. त्यांत निघून आलेल्यांचेच भाऊबंद होते. गाडीत बसायचे की नाही, एवढ्या एका निर्णयावर नातवंडांचे नशीब ठरले.

मग निघून आलेल्यांनी काहीच गमावले नाही का? भाषेच्या मास्तराला हा प्रश्न पडतोच. रशियात परक्यांच्या वेढ्यात शंभर वर्षे जपलेली बोली कॅन्ससमध्ये हळूहळू विरत गेली. तिच्यावर रणगाडा चालवावा लागला नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणाऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागले. त्यात मुलांची शाळा इंग्रजी, बाजार इंग्रजी, नोकरी इंग्रजी. आजीने जर्मनमध्ये हाक मारावी आणि नातवाने इंग्रजीत 'ओ' द्यावी, असे होता होता हाक मारणारीच उरली नाही.

पदार्थ मात्र चिवट असतात. कोबी, कांदा आणि खिम्याचे सारण भरलेला 'बीरॉक' नावाचा पाव तिकडच्या घरांतून अजून भाजला जातो. आपल्या करंजीसारखाच तो सारणावर जगतो. त्याच्या नावाचे नाते रशियन 'पिरोग'शी सांगतात. म्हणजे रशिया सोडला, पण त्याचा एक शब्द शिदोरीत बांधला गेलाच.

त्या परगण्यातील जुन्या दफनभूमींत लोहारांनी घडवलेले नक्षीदार लोखंडी क्रूस उभे आहेत. त्यांवरची अक्षरे जर्मन आहेत. पणतवंडे येतात, फुले ठेवतात, पणजोबांचे नाव तेवढे वाचतात. खालच्या ओळीसाठी मात्र त्यांना कुणाला तरी विचारावे लागते.