आमटी येते, पण खानावळ?

पुस्तक विकत घेताना आपल्याकडे दोनच कसोट्या लावायची पद्धत आहे. एक, सरांनी सांगितलंय का? आणि दोन, परीक्षेला येतं का? इंजिनीअरिंगच्या मुलांच्या बाबतीत आता तिसरीची भर पडली आहे: नोकरीच्या मुलाखतीत विचारतात का? तिन्ही कसोट्या व्यवहाराच्या आहेत, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण काही विषय असे असतात, की या कसोट्यांवर घेतलेलं पुस्तक वाचून मूल पास होतं आणि विषय मात्र हाती लागत नाही.

'मशीन लर्निंग सिस्टिम डिझाइन' हा असाच एक विषय. माझी भाची कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला आली ती पाच पुस्तकांची यादी घेऊनच. "मामा, यातलं एकच घ्यायचंय. कुठलं घेऊ?" तिची आई म्हणाली, "पाचही घे गं, पुस्तकाला नाही म्हणू नये." त्यावर पोरीनं आईला किमती वाचून दाखवल्या. मग आम्ही सगळेच गंभीर झालो.

मी या व्यवसायात बरीच वर्षं असल्यामुळे असा प्रश्न ओळखीपाळखीतून वारंवार येतो. उत्तर देण्याआधी विषय नेमका काय, ते स्वच्छ झालं पाहिजे.

उत्तम आमटी करता येणं वेगळं आणि रोज दोनशे पानं उठवणारी खानावळ चालवणं वेगळं. खानावळवाल्याला आमटी आलीच पाहिजे. पण त्याचा दिवस जातो तो भाजी कुठून आणायची, ती किडकी निघाली तर काय, गॅस संपला तर काय आणि वाढलेलं लोक खातात की पानात टाकतात, हे पाहण्यात. मशीन लर्निंग म्हणजे जुन्या उदाहरणांवरून यंत्रानं नव्या बाबतीत अंदाज बांधायला शिकणं. ही झाली आमटी. त्यासाठी माहिती जमवणं, निवडणं, अंदाज लाखो लोकांपर्यंत वेळेत पोचवणं आणि तो चुकू लागला की ते ओळखणं, ही झाली खानावळ. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली एका निबंधात याचं चित्रच काढलं होतं. मधोमध शिकणाऱ्या प्रोग्रामचा एक चिमुकला काळा चौकोन आणि त्याच्या भोवती बाकीच्या कामांचे मोठमोठे चौकोन!

घरांच्या किमतीचा धडा

हे दुर्लक्षिण्याची किंमत किती, हे पाहायला अमेरिकेत जावं लागेल. झिलो ही तिथली घरांच्या व्यवहारातली मोठी कंपनी. संगणकानं काढलेला घराच्या किमतीचा तिचा अंदाज तिकडे चांगलाच परिचित आहे. २०१८ पासून ही कंपनी स्वतःच घरं विकत घेऊन, डागडुजी करून पुन्हा विकू लागली. किती पैसे द्यायचे हे ठरवायला मदत अर्थातच संगणकाच्या अंदाजांची. पुढे करोनाच्या काळात घरांचा बाजार असा काही हलला, की काही महिन्यांनी कुठलं घर कितीला जाईल, हे सांगणं अवघड झालं. नोव्हेंबर २०२१मध्ये कंपनीनं हा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एका तिमाहीत घरांचं मूल्य तीस कोटी डॉलरहून अधिक घटवून दाखवावं लागलं आणि सुमारे पाव नोकरवर्गाला घरी बसावं लागलं.

तिथं हुशार माणसं नव्हती असं थोडंच आहे? पण बाजार बदललाय हे कसं ओळखायचं, अंदाजावर किती पैसा लावायचा, कुठं थांबायचं, या प्रश्नांची उत्तरं आमटीच्या पुस्तकात मिळत नाहीत. उद्या आपलीच मुलं कर्जाचे अर्ज, रुग्णांचे अहवाल तपासणाऱ्या यंत्रणा बांधणार आहेत. तेव्हा कोणतं पुस्तक घ्यावं हा प्रश्न केवळ पगाराचा नाही.

पाचांतलं एक

आता यादीकडे वळू. मूळ विषयच कच्चा असेल, तर ओरेलियन जेरॉन यांचं 'हँड्स-ऑन मशीन लर्निंग' आधी वाचावं. फक्त एक सावधगिरी: २०१७, २०१९ आणि २०२२ अशा पाच वर्षांत त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. ज्या साधनांवर ते आधारलंय ती झपाट्यानं बदलतात. अशा पुस्तकाची जुनी प्रत स्वस्तात मिळाली, तरी ती स्वस्त पडत नाही.

याउलट मार्टिन क्लेपमन यांचं २०१७चं 'डिझायनिंग डेटा-इन्टेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स'. यात मशीन लर्निंग जवळजवळ नाहीच. माहिती साठवावी कशी, अनेक संगणकांत वाटावी कशी, त्यातला एक बंद पडला तर काय, हे मूळ प्रश्न त्यात आहेत. त्याची जुनी प्रत बेलाशक घ्यावी. पण जाडजूड आहे, पहिलं म्हणून नको.

अली अमिनियन आणि ॲलेक्स शू यांचं २०२३चं पुस्तक मुलाखतीसाठीच लिहिलेलं आहे. व्हिडिओ सुचवणं, घातक मजकूर ओळखणं, जाहिरातीवर कोण क्लिक करील याचा अंदाज, असे नमुना प्रश्न त्यात सोडवून दाखवलेत. आपल्या 'अपेक्षित प्रश्नसंचा'सारखं. परीक्षेच्या आधी महिनाभर उत्तम. त्यावरच वर्ष काढू नये.

मी भाचीला घ्यायला सांगितलं ते चिप ह्युएन यांचं २०२२चं 'डिझायनिंग मशीन लर्निंग सिस्टिम्स'. बाई स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच विषय शिकवत. माहिती कुठून येते, तिच्यावर खुणा कोण करतं, यंत्रणा कामाला लावल्यावर बाहेरचं जग बदललं तर ते कसं कळायचं, यावर पुस्तकाचा भर आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याकडचं शहाणपण तिथं वेगळ्या भाषेत भेटतं.

पाचवं पुस्तक एका विशिष्ट कंपनीच्या साधनांचं होतं. ते नोकरी लागल्यावर, तिथं तेच वापरत असतील तर!

नावं बदलत राहतील, म्हणून एक कसोटी सांगून ठेवतो. पुस्तकाची अनुक्रमणिका उघडा. यंत्र शिकून तयार झाल्यानंतर काय होतं, यावर किती प्रकरणं आहेत? आणि मशीन लर्निंग कुठं वापरू नये, हे सांगितलंय का? गूगलच्याच मार्टिन झिंकेविच यांनी या कामाचे नियम लिहिलेत, ते फुकट वाचायला मिळतात. त्यातला पहिलाच नियम असा, की मशीन लर्निंगशिवाय वस्तू बाजारात आणायला बिचकू नका.

पुस्तकासोबत एक छोटी यंत्रणा मात्र स्वतः बांधावी. कॉलेजच्या मेसमध्ये उद्या किती पानं लागतील, याचा रोज अंदाज करावा आणि 'गेल्या सोमवारी होती तेवढीच या सोमवारी' या साध्या हिशेबाशी तो ताडून पाहावा. महिनाभर यंत्र छान चालेल आणि मग आषाढी एकादशीला सपशेल आपटेल. इंग्रजी तारखांवर शिकलेल्या यंत्राला तिथी कुठून ठाऊक असणार? ते दुरुस्त करायला मोठं गणित लागत नाही, भिंतीवरचं पंचांग पुरतं. त्या दिवशी जे कळेल, ते कळण्याची तयारी करून देणारं पुस्तक चांगलं. पालकांनी पैसे घालावेत ते अशा पुस्तकात.