यवनाने दिलेली भोजनशाळा

बेरेनिके हे इजिप्तमधलं, तांबड्या समुद्राकाठचं रोमन काळातलं बंदर. तिथल्या इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात २०२२ मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. त्याच मंदिरात दुसऱ्या शतकातली दोन सातवाहन नाणीही सापडली. त्याच्या आदल्या वर्षी इजिप्तच्याच बहारिया मरूद्यानात, कातळात कोरलेला चौथ्या शतकातला ख्रिस्ती मठ उजेडात आला होता. येडगावच्या एका वाचकांनी या दोन बातम्या जोडून विचारलं आहे : आमच्या जुन्नरची लेणी ऐकून-पाहून तर वाळवंटातल्या साधूंना मठ सुचला नसेल?

प्रश्न मोहात पाडणारा आहे, पण पुरावा तेवढा लांब पोचत नाही. व्यापाऱ्याबरोबर त्याचा देव प्रवास करतो; बौद्ध संघाचे नियम समुद्रापार गेले, असं एका मूर्तीवरून म्हणता येणार नाही. पाखोमियस या ख्रिस्ती साधूने नाईलकाठी इतर साधूंना एकत्र राहायला लावलं ते ३२० च्या सुमारास. तोवर जुन्नरच्या कोरीवकामाचा बहर ओसरलाही होता. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं, हे दाखवणारा दुवा मधे कुठेच नाही.

तरीही या दोन ठिकाणांत एक खोली समान आहे आणि मला तिचंच अप्रूप आहे : जेवणाची. बहारियाच्या उत्खननात चर्च आणि साधूंच्या खोल्यांसोबत भोजनशाळाही मिळाली. जुन्नरच्या एका शिलालेखात चित नावाचा यवन संघाला भोजनमंडप दान देतो. इरिल नावाचा दुसरा यवन दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, देतो. एकट्याने तप करणाऱ्याला भोजनशाळा लागत नाही. ती आली की रोज कुठून तरी धान्य यायला हवं, चूल पेटायला हवी, पन्नास-शंभर माणसांचं पाणी उन्हाळ्यातही पुरायला हवं. संसार सोडलेल्या माणसांभोवती केवढा संसार उभा करावा लागतो, ते इथे दिसतं.

जुन्नरला तो कुणी उभा केला, हे भिंतींवरच लिहिलेलं आहे. कुकडीच्या वरच्या खोऱ्यातून नाणेघाटाची वाट कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरते. लेण्याद्रीचं चैत्यगृह कोरवून घेतलं ते कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवायची आणि तिच्या व्याजावर संघाचा खर्च चालवायचा, अशा आजच्या मुदत ठेवीसारख्या नोंदी मानमोडीच्या डोंगरात आहेत. अदुथुम नावाच्या शकाने दिलेल्या जमिनीच्या लेखात तर करंजाची आणि वडाची झाडं येतात. लेणी म्हटलं की आपल्याला आधी ध्यान आठवतं. या लेखांत शेत, झाड, व्याज आणि पाणी यांचीच गजबज आहे.

हे आपण आज वाचू शकतो, त्याचं मोठं श्रेय पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आहे. १८३९ मध्ये जुनागढला जन्मलेला हा माणूस गिरनारचा अशोकाचा लेख वाचायला लहानपणीच धडपडत होता. भाऊ दाजी लाडांनी त्यांना मुंबईला आणलं. पुढे ते लेण्यालेण्यांतून ठसे आणि नकला घेत फिरले, आणि नाणेघाटातल्या लेखावरून त्यांनी प्राचीन अंक उलगडून दाखवले. १८८१ मध्ये निघालेल्या पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेख-संग्रहावर बर्जेस यांच्याबरोबर त्यांचं नाव आहे. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल? गिरिजात्मजाच्या देवळाबाहेर त्यांच्या नावाची एक पाटी असावी, असं मला मनापासून वाटतं.

त्यांच्यानंतर कल्पनेचे घोडेही बरेच दौडले. इरिल आणि चित स्वतःला ‘गत’ म्हणवतात, तेव्हा स्टेन कोनाव या विद्वानांनी त्यांना थेट युरोपातले गॉथ ठरवलं. नावं धड ग्रीकही वाटत नाहीत, आणि ‘यवन’ म्हणजे नेमके कोण, यावर आजही वाद आहे. अशा वेळी एका अक्षरसाम्यावर खंड ओलांडू नये.

जुन्नरच्या लेण्यांचा काळ ठरवण्याची अडचण मात्र खरी आहे. बहारियाच्या वास्तू वाळूने झाकून ठेवल्या. सेंद्रिय अवशेष मिळाले की रेडिओकार्बनने वर्षं काढता येतात. जुन्नरची लेणी दोन हजार वर्षं उघडी, राहती, झाडलेली. लेण्याद्रीच्या विहाराचं तर गणपतीचं देऊळ झालं. बेसाल्टला रेडिओकार्बन लागू होत नाही, म्हणून अक्षरांच्या वळणावरून काळ बांधावा लागतो. मानमोडीला क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम मंडप आणि पोढी देतो, तिथे ४६ हे वर्ष कोरलेलं आहे. तो शक संवत धरला तर इसवी सन १२४ येतं. पण तो शक संवतच का, यावरही विद्वानांत एकमत नाही.

लेण्यांपुढच्या उतारावर शतकानुशतकांची झाडलोट जाऊन पडली असणार. ती माती पाण्यात कालवून चाळली, तर राखेबरोबर जळके दाणेही वर येतील. चिताच्या भोजनमंडपात नाचणी वाढली जात होती की घाटाखालून चढवलेला भात, हे त्या दाण्यांनाच विचारायला हवं.